जुनी ऑक्टाव्हिया आरएस, टर्बोचं काम आणि माझं फसलेलं कोटेशन



रविवारचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांना रॅम्पवरची लाल ऑक्टाव्हिया आरएस आठवत असेल. त्या व्हिडिओत मी तीन-चार मिनिटं नुसता इंजिनाचा आवाज ऐकवण्यात घालवली आणि हिशेबाचा भाग घाईत उरकला. माझीच चूक. तो भाग आज इथे नीट लिहून काढतोय. वही-पेन घेऊन बसा, आकडे आहेत.

व्हिडिओनंतर दोन तऱ्हेचे प्रश्न आले. काहींनी विचारलं, "सर, अशी जुनी टर्बो गाडी तीन लाखांत मिळतेय, घेऊ का?" आणि काहींनी विचारलं, "सर, अशा गाड्यांचं ट्यूनिंग करणारं गॅरेज टाकलं तर चालेल का?" गंमत अशी की दोघांना एकच हिशेब लागतो. गाडी घेणाऱ्याला तो खिशातून भरावा लागतो आणि गॅरेजवाल्याला तो कोटेशनमध्ये लिहावा लागतो. मी २०१७ मध्ये तो लिहिला नाही. त्याची किंमत पुढे सांगतोच, पण आधी गाडी समजून घेऊ. गाडी समजल्याशिवाय भाव लावणं म्हणजे डोळे मिटून तराजू धरणं.

ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे २००४ मध्ये आली. चार दारांची, मोठी डिकी असलेली साधी घरगुती गाडी वाटते, म्हणून काही जण तिला स्पोर्ट्स कार म्हणायलाच तयार नसतात. पण बॉनेटखाली १७८१ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण वीस, १५० पीएस ताकद, २१० न्यूटन मीटर टॉर्क आणि पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. त्या काळी इथल्या रस्त्यावर टर्बो पेट्रोल ही चीजच दुर्मीळ होती. आणि आपल्या मातीशी तिचं नातंही आहे. स्कोडाचा कारखाना औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला. तिथे २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवली जायची.

युरोपातली आरएस १८० पीएसची होती. तेच इंजिन कुटुंब, पण ताकद तीस पीएसनं जास्त. इथल्या मालकाला हे कळलं की त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो, "म्हणजे माझ्या गाडीत ताकद दाबून ठेवलीय, ती फक्त सोडवायची आहे." टर्बो अपग्रेडचं सगळं मार्केट या एका वाक्यावर उभं आहे. वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं गाडीच्या वयात दडलेलं आहे.

आता टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका छोट्या चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा, त्या प्रमाणात जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. म्हणजे टर्बोचं आयुष्य हे ऑइलचं आयुष्य. नीट ऐका, कारण विश्वासार्हतेचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

या १.८ टर्बो इंजिनाबद्दल लोकांची दोन टोकांची मतं असतात. एक म्हणतो लोखंडी ब्लॉक आहे, काही होत नाही. दुसरा म्हणतो हत्ती आहे, बांधू नका. मी रॅम्पखाली उभा राहून सांगतो, इंजिनाचं मूळ अंग दणकट आहे. तीच रचना फोक्सवॅगन गोल्फ, पसॅट, ऑडी ए४, ऑडी टीटी अशा कितीतरी गाड्यांत वेगवेगळ्या ताकदीची बसवलेली होती. दुखणी आहेत ती त्याच्याभोवतीच्या रबरात, प्लॅस्टिकमध्ये आणि वायरिंगमध्ये. वीस वर्षांच्या रबराकडून तुम्ही दुसरी काय अपेक्षा करणार?

पहिलं ऑइल. चुकीचं ऑइल, उशिरा बदललेलं ऑइल, आणि गरम टर्बो. या तिघांनी मिळून चेंबरमध्ये काळा चिकट गाळ साठतो. ऑइल पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती जाळी या गाळानं बुजते आणि मग टर्बो, कॅम, बेअरिंग सगळ्यांना उपासमार. हा काही आपल्या गल्लीतला समज नाही. अमेरिकेत १९९८ ते २००४ च्या १.८ टर्बो पसॅटसाठी कंपनीनं या गाळाच्या तक्रारींवर इंजिनाची वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढवून दिली होती. पसॅटमध्ये इंजिन उभं बसतं, फिल्टर लहान असतो, त्यामुळे तिथे त्रास जास्त. ऑक्टाव्हियात ते आडवं बसतं आणि परिस्थिती बरी असते. पण "बरी" म्हणजे "नाही" असं नाही. फोक्सवॅगन ५०२.०० या दर्जाचं फुल्ली सिंथेटिक ऑइल, आणि बदलायला दहा हजार किमीची वाट बघायची नाही. मी सहा-सात हजारांवर किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलतो.

दुसरं, इग्निशन कॉइल. प्रत्येक सिलिंडरला एक, म्हणजे चार. त्या काळातल्या कॉइल इतक्या जात होत्या की २००३ मध्ये अमेरिकेत त्या बदलून देण्याची मोहीम काढावी लागली. कॉइल गेली की गाडी मिसिंग करते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. इथे एक अनुभवाचा सल्ला. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि दोन हजाराच्या कॉइलपायी तो महागडा डबा जातो.

तिसरं, हवेच्या नळ्या. इंटरकूलरचे पाइप, क्रँककेसचा धूर परत ओढणाऱ्या रबरी नळ्या, डायव्हर्टर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा. यातलं काहीही चिरलं की दाबलेली हवा बाहेर पळते. मालक म्हणतो "टर्बो गेला", कारण पिकअप मेलेला असतो. आमच्याकडे "टर्बो गेला" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा टर्बो ठणठणीत निघाला आणि नळी फाटलेली निघाली. धुराचं मशीन लावलं की पाच मिनिटांत कळतं कुठून हवा सुटते. हे मशीन घ्या. गॅरेज टाकणाऱ्यांना सांगतोय, अलॉय व्हीलचं शोकेस नंतर घ्या, हे आधी घ्या.

आणि चौथा, टायमिंग बेल्ट. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझी गोष्ट इथे सुरू होते.

या इंजिनात बेल्ट तुटला किंवा त्याचा टेन्शनर बसला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. वीस व्हॉल्व्ह आहेत हे वर लिहिलंच आहे. बेल्ट ही झिजणारी वस्तू आहे, तिला किमीचं वय आहे आणि वर्षांचंही. दोन्ही वयं माहीत नसतील तर बेल्ट संपलाय असंच धरायचं.

साल २०१७. मी नाशिकला स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवत होतो आणि त्याला जोडून एक रॅम्पचं गॅरेज टाकून दोनच वर्षं झाली होती. रॅम्प आणि स्कॅनर कर्जावर, महिन्याला १४,००० हप्ता. जागेचं भाडं १८,०००. बीबीए झालेला माणूस, ब्रेक-इव्हनचा तक्ता भिंतीवर लावलेला! त्या महिन्यात काम कमी होतं. अशात एक गिऱ्हाईक आलं, आरएस घेऊन. गाडी नुकतीच तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. त्याला रीमॅप हवा होता. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून टर्बोचा दाब वाढवायचा. मी विचारलं, "बेल्ट कधी बदललाय?" तो म्हणाला, "आधीच्या मालकानं सांगितलंय, झालाय म्हणून." बिल नव्हतं. आमचे वस्ताद मागून मला खुणेनं म्हणाले, कव्हर उघडून बघू या. वरचं कव्हर उघडायला पंधरा मिनिटं लागतात. मी म्हटलं, राहू द्या वस्ताद, गिऱ्हाईक घाईत आहे.

खरं सांगायचं तर गिऱ्हाईक घाईत नव्हतं. घाई माझ्या हप्त्याला होती.

रीमॅप करणारा माणूस पुण्याहून आला. कामाचे ३०,००० ठरले, त्यातले २२,००० त्याचे, ८,००० माझे. गाडी उडायला लागली, गिऱ्हाईक खूश, मी खूश, फोटो काढले. एकोणीस दिवसांनी संध्याकाळी फोन आला, कसारा घाटात गाडी एकदम बंद पडली. टोचन करून आणली. कव्हर उघडलं तर टेन्शनरनं जीव सोडलेला आणि बेल्ट दात सोडून बाजूला पडलेला.

दोष गाडीचा नव्हता. रीमॅपचाही थेट दोष नव्हता, दाब वाढवल्यानं टेन्शनर मरत नाही, तो वयानं मेला. हे मी त्या गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावलं. तो एकच वाक्य बोलला. "तुमच्याकडे गाडी आली तेव्हा चालू होती." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण "बेल्टची नोंद नाही, बदलण्याचा सल्ला दिला, गिऱ्हाइकानं नकार दिला" असं लिहिलेला सहीचा कागद माझ्याकडे नव्हता. जॉब कार्डवर फक्त "रीमॅप" एवढंच लिहिलं होतं, आणि खाली माझ्या हातानं काढलेला स्मायली.

हेड उतरवलं, वाकलेले व्हॉल्व्ह बदलले, हेड लेथवर पाठवलं, गॅस्केट, बेल्ट किट, कूलंट, मजुरी धरून ८६,००० झाले. भांडण वाढवायचं नव्हतं, गाव लहान असतं. ४८,००० मी सोसले. ८,००० कमावले होते, ४८,००० घातले. म्हणजे अशी सहा कामं फुकट केल्यासारखं झालं. त्या महिन्यात वस्तादांचा पगार मी दोन तुकड्यांत दिला. ते काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत हेच जास्त लागलं.

आता इथून धडा सुरू. त्या रात्री मी एक तक्ता काढला, तोच आज तुम्हाला देतोय.

आधी गाडी घेणाऱ्याच्या बाजूनं बघू. माझ्या वहीत एका आरएसची पहिल्या वर्षाची बिलं आहेत. गाडी तीन लाखांची. बेल्ट किट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट मजुरीसकट २४,०००. ऑइल, फिल्टर, चेंबर उतरवून जाळी साफ, ११,०००. चार कॉइल आणि चार प्लग १२,०००. हवेच्या आणि व्हॅक्यूमच्या नळ्या, डायव्हर्टर व्हॉल्व्ह १४,०००. लोअर आर्म, बुश, इंजिन माउंटिंग २८,०००. डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल १९,०००. चार टायर ३०,०००. बेरीज करा, १,३८,०००. यात ताकद एका पीएसनंही वाढलेली नाही! ही फक्त गाडी "होती तशी" करण्याची किंमत. शिवाय क्लच अजून धकत होता. तो निघाला असता तर वर आणखी ४०,०००. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला आकडे वेगळे येतील, पण प्रमाण लक्षात घ्या. खरेदीच्या जवळजवळ निम्मी रक्कम पहिल्याच वर्षी.

कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला तेव्हा मला वाटायचं, हा फक्त कागदावरचा खर्च, खिशातून थोडाच जातो. जुनी गाडी घेतल्यावर कळतं की तो जातो, फक्त एकदम जातो.

त्यानंतरचा वर्षाचा खर्च. ऑइलची सर्व्हिस, किरकोळ सेन्सर, एखादी नळी. थर्ड पार्टी विमा, १५०० सीसीवरच्या खासगी कारला १ जून २०२२ पासून ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी. नोंदणीचं वेगळंच. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते, ती पाच वर्षांसाठी मिळते. एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी ही फी ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केली. २००४-०५ च्या आरएस आता या दुसऱ्या गटात आल्या. पर्यावरण कर वेगळा, तो आरटीओत विचारून घ्या. या सगळ्यावर मी मालकांना सांगतो, महिन्याला ४,००० वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. जो माणूस हे ४,००० बाजूला काढू शकत नाही, त्यानं ही गाडी घेऊ नये. मला असं बोलल्यावर शत्रू होतात, होऊ देत.

पेट्रोलचंही बघा. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं ई-२० मिळतं. २००४ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतच्या पेट्रोलच्या नळ्या आणि सील तपासून घ्यायचे. पेट्रोलची गळती आणि गरम टर्बो शेजारी शेजारी, यापुढे मी काही लिहीत नाही.

सुट्या भागांची एक गोष्ट गॅरेजवाल्यांसाठी. लोक म्हणतात आरएसचे पार्ट मिळत नाहीत. मिळतात, पण दोन ढीग करायला शिका. सस्पेन्शन, माउंटिंग, काचा, दारं, लॉक यातलं बरंच काही साध्या ऑक्टाव्हियाला, अगदी डिझेललासुद्धा, चालतं. ते उद्या दुपारपर्यंत येतं. इंजिनाच्या टर्बोकडच्या बाजूचं सामान आणि फक्त आरएसचं असलेलं सामान मागवावं लागतं. मागवायला लागणारे दिवस हा खर्च आहे. माझा त्या वेळचा हिशेब असा होता. भाडं आणि हप्ता मिळून ३२,०००, कामाचे दिवस २६, म्हणजे रॅम्पचा एक दिवस साधारण १,२३० रुपयांना पडतो. एकदा टर्बोचं गॅस्केट यायला नऊ दिवस लागले आणि गाडी नऊ दिवस रॅम्पवर लटकत होती. ११,०७० रुपये हवेत. त्या अख्ख्या कामात माझं मार्जिन ८,००० होतं. तेव्हापासून नियम केला, सामान टेबलावर आल्याशिवाय गाडी उघडायची नाही. हा नियम तुम्ही शिलाईचं दुकान टाका, मोबाइल दुरुस्तीचं टाका, तिथेही लागतो. खुर्ची अडवून बसलेलं अर्धं काम सगळ्यात महाग.

आता टर्बोकडे. तीन पायऱ्या आहेत आणि गिऱ्हाईक तिन्हींना "टर्बो वाढवणं" असंच म्हणतं, त्यामुळे आधी त्याला नेमकं काय हवंय ते काढून घ्या.

पहिली पायरी रीमॅप. टर्बो तोच, छोटा के-०३ जातीचा, फक्त दाब आणि पेट्रोल-स्पार्कचा हिशेब बदलायचा. १५० पीएसची गाडी साधारण १९० च्या आसपास जाते, आणि टॉर्क त्याहून जास्त प्रमाणात वाढतो. मालकाला सीटवर जो धक्का जाणवतो तो टॉर्कचा. पण हाच टॉर्क क्लचला सोसावा लागतो. थकलेला क्लच रीमॅपच्या दुसऱ्या आठवड्यात घसरायला लागतो. तेव्हा रीमॅप तीस हजारांचा नसतो, तीस अधिक चाळीस असा सत्तरचा असतो, आणि हे आधी सांगायचं असतं.

दुसरी पायरी म्हणजे मोठा इंटरकूलर आणि मोकळा सायलेन्सर. आपल्या उन्हाळ्यात इंटरकूलरचा उपयोग खरोखर होतो, गरम हवेनं इंजिन ठोकायला लागतं आणि कॉम्प्युटर आपणहून ताकद कमी करतो. सायलेन्सरबद्दल मात्र एक. कन्व्हर्टर काढून टाकायचं काम मी घेत नाही. पीयूसी अडते, पोलीस अडवतात आणि शेजारी शिव्या देतात.

तिसरी पायरी मोठा टर्बो. इथे खरा खड्डा आहे. टर्बो बदलला की इंजेक्टर बदला, पेट्रोल पंप तपासा, क्लच बदला, पुन्हा ट्यून करा. टॉर्क फार वाढला तर मूळ कनेक्टिंग रॉड वाकतात. आणि गिअरबॉक्समध्ये डिफरेन्शियलचा क्राउन रिव्हेटांवर धरलेला असतो. सिग्नलवरून चाकं घासत सुटणाऱ्यांचे हे रिव्हेट तुटतात आणि बॉक्सची भिंत फोडून बाहेर येतात. म्हणजे पन्नास हजारांचा टर्बो घेणाऱ्या माणसानं खरं तर दीड-दोन लाखांचं काम विकत घेतलेलं असतं, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे, रोज वापरायच्या, वीस वर्षांच्या आरएसला पहिल्या पायरीवर थांबवा. पुढची मजा ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्यानं करावी.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीवरचे तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगू नका, कोटेशनवर छापा.

आता तक्त्याची दुसरी बाजू, गॅरेजवाल्याची. रीमॅपमध्ये मला ८,००० सुटत होते आणि जोखीम ८६,००० ची होती. उलट १,३८,००० चं जे कंटाळवाणं काम वर लिहिलं, बेल्ट, बुश, नळ्या, ब्रेक, त्यात पार्टवरचं मार्जिन आणि मजुरी धरून मला ३५,००० च्या आसपास सुटतात. जोखीम थोडी, आणि उद्या काही बिघडलं तर कुठला पार्ट कधी बदलला याचं बिल माझ्याकडेच. मी दोन वर्षं फोटो काढण्याजोग्या कामामागे धावत होतो आणि धंदा चालवणारं काम "आधी बाहेरून करून या" म्हणून परत पाठवत होतो! हे लिहिताना आजही लाज वाटते.

तेव्हापासून आमच्याकडे टर्बोचं कोटेशन एका कागदावर निघत नाही, दोन कागदांवर निघतं. पहिला कागद तपासणीचा. त्याचे २,५०० रुपये आधी घेतो, काम दिलं तर बिलातून वजा करतो. यात चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा), धुराची चाचणी, स्कॅनर, बेल्टचं कव्हर उघडून फोटो, टर्बोच्या दांड्याची ढील, ऑइलचा दाब आणि रस्त्यावर क्लचची परीक्षा. खाली तीन रकाने. "आत्ता करा", "सहा महिन्यांत करा", "चालेल". गिऱ्हाईक एखाद्या कामाला नाही म्हणालं तर त्या ओळीसमोर त्याची सही. दुसरा कागद टर्बोच्या कामाचा, आणि तो पहिल्या कागदातल्या "आत्ता करा" रकान्यात काही उरलं असेल तर मी देतच नाही.

सुरुवातीला गिऱ्हाइकं गेली. खोटं कशाला सांगू, पहिल्या वर्षी तपासणीचे २,५०० ऐकून दहातली सहा-सात माणसं परत जायची. "समोरचा फुकट बघतो" हे वाक्य मी इतकं ऐकलं की वस्ताद ते गिऱ्हाइकाच्या आधीच म्हणून दाखवायचे. तुम्ही हे सुरू केलंत तर तुमचीही जातील. तेवढे महिने काढायला गाठीशी काय आहे ते आधी बघा. माझ्याकडे पार्टचं दुकान होतं, काउंटरवरची रोजची विक्री होती, म्हणून मी तग धरला. नुसतं गॅरेज असतं तर कदाचित मीही पुन्हा पंधरा मिनिटांचं कव्हर न उघडता रीमॅप केले असते.

व्हिडिओतली लाल गाडी याच कागदांतून गेलेली आहे. मुलगा मालेगावचा, पॉवरलूमच्या पार्टचा त्याचा छोटा धंदा आहे. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याला मोठा टर्बो हवा होता, पैसे घेऊनच आला होता. तपासणीत बेल्ट जुना निघाला, दोन नळ्या चिरलेल्या, एका बाजूचा लोअर आर्म खुळखुळा. मी दोन कागद समोर ठेवले. तो चिडला, म्हणाला, "दादा, मी ताकद घ्यायला आलो आणि तुम्ही मला रबर विकताय." चहा पाजला. २०१७ ची गोष्ट सांगितली, स्मायलीसकट. तेव्हा कुठे त्यानं पहिल्या कागदावर सही केली. काम झाल्यावर गाडी घेऊन गेला आणि चार दिवसांनी फोन केला, म्हणाला, "गाडी अशी पळत असते हे मला माहीतच नव्हतं." चिरलेल्या नळीतून त्याची निम्मी हवा बाहेर जात होती, बिचाऱ्यानं मूळ १५० पीएस कधी अनुभवलेच नव्हते.

रविवारी तो रीमॅपसाठी परत आला होता. मोठ्या टर्बोचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. क्लचसमोर "सहा महिन्यांत करा" लिहिलंय आणि त्यापुढे त्याची सही आहे.

दोन्ही कागदांचा कोरा नमुना व्हिडिओच्या खाली ठेवलाय, छापून घ्या आणि तुमच्या धंद्याप्रमाणे रकाने बदला. पुढच्या रविवारी रॅम्प कर्जावर घ्यावा की जुना घ्यावा, यावर बोलू. जागेचं भाडं, हप्ता आणि महिन्याचे कामाचे दिवस हे तीन आकडे लिहून तयार ठेवा, म्हणजे तुमच्या रॅम्पचा एक दिवस कितीला पडतो ते सोबतच काढता येईल.